डेटाबेस जोडण्यांचे व्यवस्थापन

डेटाबेसमधील माहिती मागणारा कार्यक्रम आणि ती माहिती सांभाळणारी यंत्रणा यांच्यामध्ये, परस्परांची ओळख पटल्यानंतर, काही काळापुरता जो संपर्कमार्ग उघडला जातो त्यास जोडणी म्हणतात. अनेक ग्राहकांच्या वतीने काम करणाऱ्या मध्यस्थ संगणकीय यंत्रणेत, म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हरमध्ये, अशा जोडण्या आधीच उघडून ठेवणे, मागणाऱ्यास त्या तात्पुरत्या वापरास देणे, काम संपताच परत घेणे, निकामी झालेल्या बाद करणे आणि त्यांच्या एकूण संख्येवर मर्यादा ठेवणे या सर्व कामांचा समावेश जोडण्यांच्या व्यवस्थापनात होतो. हे काम पाहणाऱ्या माणसाचे मुख्य साधन टंकून दिलेली आज्ञा, म्हणजेच कमांड लाइन, हे राहिले आहे. पडद्यावरील चित्रमय साधने आली तरी त्यात फारसा फरक पडला नाही. त्याची कारणे या विषयाच्या इतिहासातच सापडतात.

जोडणी ही वरवर पाहता क्षुल्लक बाब वाटते. पण ती स्वस्त नसते. ती उघडण्यासाठी दोन संगणकांमध्ये प्रथम जाळ्यावरील संपर्क साधावा लागतो, नंतर नाव व परवलीचा शब्द तपासला जातो आणि डेटाबेसच्या बाजूस त्या ग्राहकासाठी स्मृतीत वेगळी जागा राखली जाते. पोस्टग्रेसस्क्यूएलसारख्या यंत्रणेत तर प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया जन्मास घातली जाते. एखादी साधी चौकशी काही सहस्रांश सेकंदात पुरी होत असेल, तर तिच्यासाठी नवी जोडणी उघडण्यातच तिच्या कित्येक पट वेळ जाऊ शकतो. म्हणून उघडलेल्या जोडण्या बंद न करता त्यांचा एक सामायिक साठा ठेवण्याची पद्धत पडली. या साठ्यास कनेक्शन पूल म्हणतात. (यातील ‘पूल’ हा इंग्रजी शब्द सेतू या अर्थी नाही, मराठी वाचकाचा येथे हमखास घोटाळा होतो.)

पूर्वेतिहास : मागणारे पुष्कळ व साधन मोजके ही अडचण ‘डेटाबेस’ हा शब्द रूढ होण्यापूर्वीची आहे. अमेरिकन एअरलाइन्स व आयबीएम यांनी मिळून उभारलेल्या ‘सेबर’ या विमान-आरक्षण यंत्रणेत न्यूयॉर्क राज्यातील ब्रायरक्लिफ मॅनर येथील दोन आयबीएम ७०९० संगणकांवर देशभरातील आरक्षण-कारकुनांची टर्मिनले विसंबून होती. ही यंत्रणा १९६० च्या सुमारास सुरू होऊन १९६४ पर्यंत पूर्णत्वास गेली. चांद्रयानाच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी आयबीएमने रॉकवेल व कॅटरपिलर या संस्थांच्या सहकार्याने आयएमएस ही यंत्रणा रचली. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे एका टंकलेखन-यंत्रवजा टर्मिनलाच्या कागदावर ती सज्ज असल्याची ओळ प्रथम उमटली. माणूस आज्ञा टंकतो आणि यंत्र ओळीनेच उत्तर देते, हा संवादाचा प्रकार येथून पुढे रुळला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची यंत्रणा म्हणजे आयबीएमचीच सीआयसीएस. ती वीज, दूरध्वनी यांसारख्या सार्वजनिक सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांच्या गरजेतून निर्माण झाली व जुलै १९६९ मध्ये सर्वांस उपलब्ध झाली. ग्राहक दूरध्वनीवर असताना त्याच्या खात्याची माहिती कारकुनास टर्मिनलावर मिळावी, एवढीच मूळ अपेक्षा होती. पण शेकडो टर्मिनलांसाठी शेकडो स्वतंत्र कार्यक्रम चालविण्याइतकी स्मृती त्या काळच्या कोणत्याही संगणकात नव्हती. त्यावर काढलेला तोडगा असा : संगणकाच्या दृष्टीने सीआयसीएस हा एकच कार्यक्रम असे आणि सर्व टर्मिनलांकडून येणाऱ्या मागण्या तो स्वतःच्या पोटात आळीपाळीने पार पाडी. कारकुनाला संपूर्ण यंत्र आपल्या सेवेत असल्यासारखे वाटे. वास्तविक त्याच्या वाट्याला यंत्राचा क्षणभराचा तुकडा येई. या यंत्रणेवर देखरेख करण्यासाठी मुख्य टर्मिनलाची सोय होती. पुढील काळात तेथे ‘सीईएमटी’ या चार अक्षरांनी सुरू होणारी आज्ञा टंकून एखादे काम थांबविणे, एखादी फाइल बंद करणे किंवा एखादी मर्यादा बदलणे शक्य झाले. आजच्या ॲप्लिकेशन सर्व्हरचा हा खरा पूर्वज होय. नंतरच्या पिढीने त्याचे ऋण क्वचितच मान्य केले.

धाग्यांचा तक्ता : एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले. त्यावर आधारलेला डीबी२ हा आयबीएमचा मोठ्या संगणकांसाठीचा डेटाबेस १९८३ मध्ये जाहीर झाला. आता व्यवहार चालविणारे सीआयसीएस एकीकडे व माहिती सांभाळणारे डीबी२ दुसरीकडे, अशा दोन स्वतंत्र यंत्रणा झाल्या आणि त्यांच्यामधील जोडण्यांचा प्रश्न प्रथमच आजच्या स्वरूपात उभा राहिला. या जोडण्यांना तेथे धागे म्हणत. कोणत्या प्रकारच्या व्यवहारास किती धागे द्यावयाचे, हे साधन-नियंत्रण तक्ता नावाच्या एका तक्त्यात लिहून ठेवावे लागे. कमाल संख्या व प्रत्यक्ष लागू असलेली संख्या असे दोन वेगळे आकडे त्यात असत. त्यांपैकी दुसरा आकडा यंत्रणा चालू असताना ‘डीएसएनसी’ या शब्दाने सुरू होणाऱ्या आज्ञेने, पहिल्याच्या मर्यादेत राहून, बदलता येई. याच कुळातील दुसऱ्या आज्ञा धाग्यांची सद्यःस्थिती दाखवीत, जोडणी सुरू करीत किंवा तोडीत.

या तक्त्यातील एक रकाना विशेष लक्ष देण्याजोगा आहे. वाट्याचे सर्व धागे गुंतलेले असताना नवा व्यवहार आला तर काय करावे, हे त्यात सांगावे लागे आणि त्याची उत्तरे तीनच होती : त्याने थांबावे, त्याला तत्काळ नकार द्यावा अथवा त्याला सामायिक राखीव साठ्यातून धागा द्यावा. नंतरच्या चाळीस वर्षांत जोडणी-साठ्यांची जी असंख्य रूपे निघाली, त्यांतील एकाही रूपात चौथे उत्तर आढळत नाही. किती वेळ थांबावे, साठा कितीपर्यंत वाढू द्यावा, नकार कोणत्या शब्दांत द्यावा एवढेच तपशील बदलत गेले. विशेष म्हणजे हा निर्णय कार्यक्रम लिहिणाऱ्याकडे नव्हता. तो यंत्रणा चालविणाऱ्याकडे होता आणि त्यास तो आधीच, शांतपणे विचार करून, लेखी स्वरूपात घ्यावा लागे.

युनिक्स प्रणालीवर हाच धडा नव्याने शिकावा लागला. इंग्रेस, ओरॅकल इ. डेटाबेस तेथे आरंभी बहुधा दर ग्राहकामागे एक प्रक्रिया या पद्धतीने चालत. ग्राहक डझनावारी असेतो ते ठीक होते. शेकड्यांवर गेल्यावर संगणकाची शक्ती प्रक्रियांची अदलाबदल करण्यातच खर्ची पडू लागली. एटी अँड टीच्या बेल प्रयोगशाळांत १९८३ पासून विकसित होत गेलेली टक्सेडो ही यंत्रणा हे काम मधल्या मध्ये अडवून धरी : पुष्कळ टर्मिनलांच्या मागण्या थोड्या सेवाप्रक्रियांकडे वळविल्या जात आणि डेटाबेसशी जोडणी त्या थोड्या प्रक्रियांचीच असे. तिच्या ‘टीएमॲडमिन’ या आज्ञा-साधनातून चालू प्रक्रिया, त्यांच्यासमोरील रांगा व पार पडलेले व्यवहार पाहता येत. १९९२ मध्ये ओरॅकलनेही आपल्या सातव्या आवृत्तीत थोड्या सामायिक प्रक्रियांवर अनेक ग्राहक चालविण्याची सोय केली.

खिडक्यांची मर्यादा नाहीशी होणे : या सर्व यंत्रणांना एक अदृश्य संरक्षण लाभलेले होते. मागणी टंकणारा प्रत्येक माणूस पगारी कारकून होता. त्यामुळे एका वेळी किती मागण्या येतील याला टर्मिनलांच्या संख्येची मर्यादा होती. भारतीय रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये नवी दिल्ली येथे सुरू झाले आणि १९९९ पर्यंत देशातील पाच केंद्रे परस्परांस जोडली गेली. त्या काळात मुंबईच्या आरक्षण-कार्यालयाबाहेर पहाटेपासून कितीही मोठी रांग लागली, तरी संगणकापर्यंत पोचणाऱ्या मागण्या आतल्या खिडक्यांइतक्याच असत. गर्दी फुटपाथवर थांबे, यंत्रात नव्हे. ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून तिकिटे मिळू लागल्यावर ही रांग रस्त्यावरून उठून थेट यंत्राच्या दाराशी आली. तात्काळ आरक्षण खुले होण्याच्या मिनिटास असंख्य माणसे एकदम कळ दाबू लागली.

जगभर हेच घडले. १९९३ पासून प्रचारात आलेल्या सीजीआय पद्धतीत वेबपानाच्या प्रत्येक मागणीसाठी नवा कार्यक्रम सुरू होई, तो डेटाबेसशी नवी जोडणी उघडी, उत्तर देई व संपे. मागण्या थोड्या असताना या उधळपट्टीकडे कोणी लक्ष दिले नाही. त्या वाढताच व्यवहार-नियंत्रकांच्या जुन्या विद्येची पुन्हा आठवण झाली.

ॲप्लिकेशन सर्व्हर : जावा भाषेतील कार्यक्रमांना कोणत्याही डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलता यावे म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सने जेडीबीसी हे प्रमाणक ठरविले, फेब्रुवारी १९९७ मध्ये जावाच्या १.१ या आवृत्तीबरोबर ते प्रसृत झाले. त्याच्या पहिल्या रूपात कार्यक्रमाने डेटाबेसचा पत्ता, नाव व परवलीचा शब्द स्वतःच देऊन जोडणी उघडावयाची होती. दुसऱ्या आवृत्तीने यात मूलभूत बदल केला. कार्यक्रमाने केवळ एक ठरलेले नाव उच्चारावे आणि त्या नावामागे कोणता डेटाबेस आहे, किती जोडण्या आहेत, त्या नव्या आहेत की वापरलेल्या, हे सर्व्हरने पाहावे, अशी विभागणी झाली. डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जे२ईई या प्रमाणकसंचात ती पक्की करण्यात आली. साधन-नियंत्रण तक्त्याच्या काळी असलेला अधिकार अशा रीतीने कार्यक्रमकाराकडून पुन्हा प्रशासकाकडे आला. जुनी व नवी परंपरा एका छपराखालीही आली : बीईए या कंपनीने १९९६ मध्ये टक्सेडोचे हक्क मिळविले होते आणि १९९८ मध्ये तिने वेबलॉजिक हा जावा-सर्व्हर बनविणारी कंपनी विकत घेतली. वेबलॉजिकच्या प्रारंभीच्या आज्ञांत साठा निर्माण करणे, तो आहे की नाही हे विचारणे, तात्पुरता बंद ठेवणे, पुन्हा खुला करणे, त्यातील सर्व जोडण्या नव्याने उघडणे व साठा नष्ट करणे, या प्रत्येकासाठी स्वतंत्र शब्द होता. २००५ च्या नवव्या आवृत्तीपासून त्यांची जागा जायथन भाषेत लिहावयाच्या आज्ञासंहितांनी घेतली.

या आज्ञांचे सर्वांत सुबोध उदाहरण ग्लासफिश या सर्व्हरच्या ‘एएसॲडमिन’ या साधनात मिळते. हे साधन सनच्या आधीच्या ॲप्लिकेशन सर्व्हरांतून चालत आले. २००५ मध्ये सनने या सर्व्हरची मूळ संहिता ग्लासफिश या नावाने खुली केली व २००६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. त्यात काम दोन पायऱ्यांनी होते. ‘क्रिएट-जेडीबीसी-कनेक्शन-पूल’ या आज्ञेने साठा निर्माण होतो व ‘क्रिएट-जेडीबीसी-रिसोर्स’ या आज्ञेने त्यास कार्यक्रमांनी उच्चारावयाचे नाव मिळते. एकच साठा अनेक नावांनी ओळखता यावा व कार्यक्रमास हात न लावता नावामागील साठा बदलता यावा, यासाठी ही फोड आहे. काही सांगितले नाही तर साठ्यात किमान ८ व कमाल ३२ जोडण्या असतात, गरज पडेल तशा त्या दोन-दोनने वाढतात, जोडणी मागणाऱ्यास ६० सेकंद थांबविले जाते आणि ३०० सेकंद विनावापर राहिलेली जोडणी बंद केली जाते. ‘पिंग-कनेक्शन-पूल’ या आज्ञेने साठ्यातून डेटाबेसपर्यंत खरोखर पोचता येते किंवा नाही हे कळते. साठा निर्माण झाला म्हणजे डेटाबेस भेटला असे नव्हे, हा भेद नवशिक्या प्रशासकांस या आज्ञेच्या पहिल्या अपयशानेच उमगतो.

आज्ञेतील निरनिराळे गुणधर्म एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी अपूर्णविरामाचे चिन्ह वापरले जाते. आणि जेडीबीसीच्या पत्त्यातही नेमके तेच चिन्ह अनेकदा येते. त्यामुळे पत्त्यातील प्रत्येक अपूर्णविरामापूर्वी तिरपी रेघ द्यावी लागते व ती रेघ युनिक्सच्या आज्ञा-कवचाने गिळू नये म्हणून बहुधा दोनदा. इतक्या क्षुल्लक चिन्हापायी किती संध्याकाळी वाया गेल्या असतील याची गणती नाही. परवलीच्या शब्दाची बाब मात्र क्षुल्लक नाही. तो आज्ञेतच टंकला, तर संगणकावरील चालू प्रक्रियांच्या यादीत इतरांस दिसू शकतो आणि आज्ञांच्या नोंदीतही राहून जातो. म्हणून प्रशासकाचा परवलीचा शब्द वेगळ्या फाइलीतून देण्याची, तसेच डेटाबेसच्या परवलीच्या शब्दाऐवजी सर्व्हरच्या मांडणी-फाइलीत त्याचे केवळ टोपणनाव लिहिण्याची सोय करण्यात आली. ही सोय वापरली नाही, तर तो शब्द त्या फाइलीत उघडा राहतो.

गळती : साठ्यातून घेतलेली जोडणी परत करणे हे कार्यक्रमकाराचे कर्तव्य असते. ते एखाद्या आडवाटेवर चुकले तर जोडणी कायमची अडकते. यास गळती म्हणतात. गळती सावकाश होते आणि शेवटची जोडणी अडकेपर्यंत बाहेर काहीच जाणवत नाही. मायकेल नायगार्ड यांनी रिलीज इट! (२००७) या ग्रंथात एका विमानकंपनीतील असा प्रसंग, तिचे नाव न घेता, वर्णिला आहे. रात्री देखभालीसाठी डेटाबेसचे काम एका संगणकावरून दुसऱ्यावर हलविण्यात आले व ते सुरळीत पार पडले. सुमारे दोन तासांनी देशभरातील विमानतळांवरची प्रवासी-नोंदणीची यंत्रे थिजली. दूरध्वनीवरील स्वयंचलित सेवाही बंद पडली. कारण कार्यक्रमातील एका जागी होते. तेथे प्रथम चौकशी बंद करून मग जोडणी परत करावयाची होती. पण जुन्या संगणकाशी संबंध तुटल्याने पहिल्याच कृतीत दोष उद्भवे आणि दुसरी कृती होतच नसे. एकेक जोडणी अशी हरवून साठा रिता झाला. नंतर आलेले सर्व जण जोडणीची वाट पाहत थांबले आणि त्यांनी किती वेळ थांबावे याला मर्यादा घातलेली नव्हती. सर्व्हरांतील धाग्यांच्या स्थितीच्या नोंदी घेऊन ते कोठे अडकले आहेत हे शोधण्यात आले. सेवा पूर्ववत होण्यास सुमारे तीन तास लागले. थांबावे, नकार द्यावा की अन्यत्रून द्यावे, हा जुन्या तक्त्यातील प्रश्न येथे कोणी विचारलाच नव्हता. म्हणून त्याचे सर्वांत वाईट उत्तर आपोआप लागू झाले.

ग्लासफिशच्या साठ्यात ठराविक वेळेपेक्षा अधिक काळ परत न आलेल्या जोडणीची नोंद करण्याची व ती हिसकावून घेण्याची सोय आहे. परंतु प्रारंभिक मांडणीत ती बंद असते. देण्यापूर्वी जोडणी जिवंत आहे की नाही हे तपासण्याची सोयही बंदच असते. दोन्हींना थोडा खर्च पडतो हे खरे असले, तरी हा निर्णय वादग्रस्तच म्हणावा लागेल. डेटाबेस बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर साठ्यात मृत जोडण्या उरतात. त्या एकदम टाकून देण्यासाठी सर्व्हरच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘फ्लश-कनेक्शन-पूल’ ही आज्ञा आहे. गुंतलेल्या व मोकळ्या जोडण्या, संभाव्य गळती व थांबलेल्यांची रांग यांचे आकडेही आज्ञेने मागविता येतात. मात्र त्यासाठी मोजणी आधीपासून चालू ठेवलेली असावी लागते.

टंकलेली आज्ञा का टिकली, याचे उत्तर अशा प्रसंगीच मिळते. सर्व्हर गुदमरला असता त्याच सर्व्हरवर चालणारे चित्रमय नियंत्रण-पानही गुदमरते. मग दूरच्या संगणकावरून अरुंद मार्गाने पाठविलेली एक ओळ हाच उपाय उरतो. डेटाबेस बनविणाऱ्यांनी हे ओळखून प्रशासकासाठी जागा राखून ठेवली आहे. पोस्टग्रेसस्क्यूएलमध्ये साधारणतः १०० जोडण्यांची मर्यादा असून त्यांतील ३ सर्वाधिकारी प्रशासकासाठी राखीव असतात. मायएसक्यूएल ठरलेल्या संख्येवर आणखी एक जोडणी अशा माणसास देते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून प्रशासकासाठी एक वेगळी जोडणी असते व तीत आज्ञा-साधनातून एका अक्षराच्या खुणेने शिरता येते.

साठा मोठा केला म्हणजे काम वेगाने होईल ही समजूत फार पसरलेली असली, तरी ती बरोबर नाही. डेटाबेसच्या संगणकातील प्रक्रियक व चकत्या यांना एका वेळी जेवढे काम पेलते त्यापलीकडे जोडण्या दिल्यास त्या परस्परांस अडवू लागतात आणि सर्वांचाच वेग घटतो. अशा वेळी थोड्या जोडण्या व त्यांच्यासमोर शिस्तबद्ध रांग हीच व्यवस्था सरस ठरते. शिवाय बेरीज विसरली जाते. कमाल ३२ जोडण्या वरकरणी थोड्या वाटतात. पण तसे १० सर्व्हर एकाच पोस्टग्रेसस्क्यूएलवर लावले, तर ३२० जोडण्यांची मागणी १०० च्या मर्यादेवर जाऊन आदळते. सर्व्हरांची संख्या मागणीनुसार आपोआप वाढविण्याची पद्धत आल्यावर ही आपत्ती अधिक वारंवार घडू लागली. स्काइप या कंपनीत तयार होऊन २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला पीजीबाउन्सर हा मध्यस्थ अनेक सर्व्हरांच्या जोडण्या आपल्याकडे घेतो व डेटाबेसकडे मोजक्याच जाऊ देतो. त्याचे नियंत्रणही आज्ञा टंकूनच होते. टक्सेडोचे जुने काम अशा रीतीने तिसऱ्यांदा निराळ्या नावाने करण्यात आले.

सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलच्या ताब्यात गेली. २०१३ मध्ये ओरॅकलने ग्लासफिशच्या यापुढील आवृत्त्यांना व्यापारी पाठबळ न देण्याचे जाहीर केले आणि पुढे तो सर्व्हर एक्लिप्स प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आला. २०१९ च्या प्रारंभी त्याची तेथील पहिली आवृत्ती निघाली. मालकी दोनदा बदलूनही साठ्यासंबंधीच्या आज्ञा त्याच नावांनी चालतात आणि किमान ८ व कमाल ३२ ही प्रारंभिक मूल्येही कायम आहेत. ती बदलणारी ओळ मात्र आता बहुधा माणूस ऐनवेळी टंकीत नाही. सर्व्हर उभा करणाऱ्या संहितेत ती आधीच लिहिलेली असते व कोणी, कधी, कशासाठी बदलली याची नोंद तिच्यासोबत राहते.